आळशी डोळ्याची पट्टी: घरी नेमकं कुठे चुकतं

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते, अधू डोळ्यावर नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगायला कारण आहे. लहान मुलांचे डोळे तपासण्याच्या माझ्या कामात अधूनमधून असे आईबाबा भेटतात, ज्यांनी दीड-दोन महिने मनापासून पट्टी लावलेली असते, पण चुकीच्या डोळ्यावर. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? बोट कापलं की चिंधी त्याच बोटाला बांधायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे उलटं आहे. फाइलवर अ‍ॅम्ब्लियोपिया लिहिलेला हा आळशी डोळा बहुतेक वेळा दिसायला धडधाकट असतो. मेंदूने त्याच्याकडून येणारं चित्र वाचायचं सोडून दिलेलं असतं. चांगला डोळा झाकला की मेंदूला दुसरा इलाज राहत नाही.

उपचार साधा आहे, फारसा महागही नाही. फसतो तो घरी. टप्पे मागेपुढे होतात, आणि मुलाच्या भीतीचा विचार सगळ्यात शेवटी होतो, पोर हातातून निसटल्यावर. खालचा क्रम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांच्या, औषधांच्या जागी तो नाही. त्यांनी सांगितलेलं घरी पार कसं पाडायचं, एवढ्यासाठीच तो आहे.

१. पट्टी आणण्याआधी केसपेपर वाचा

तपासणीच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या: अधू डोळा कोणता, डावा की उजवा; प्रत्येक डोळ्याला किती दिसतं (सहा-नऊ, सहा-चोवीस असं लिहितात); कारण काय; पट्टी कोणत्या डोळ्यावर आणि दिवसाला किती तास; पुढची तारीख कोणती. डावा-उजवा मुलाचा, समोर बसलेल्या माणसाचा नाही. त्या कागदाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. पट्टी आई लावणार, पण दुपारी आजी असणार आणि शनिवारी बाबा.

कारण विचारायचं ते अशासाठी, की पुढचा सगळा क्रम त्यावर ठरतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर चष्मा आधी. तिरळेपणा असेल तर चष्मा, पट्टी आणि कधी पुढे ऑपरेशन. मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी पडलेली पापणी असेल तर आधी तो अडथळा दूर व्हायला हवा. नुसत्या पट्टीने काही साधणार नाही.

नंबर डोळ्याचा स्नायू सैल करणारे थेंब घालून काढलाय का, हेही विचारा. लहान मुलाच्या डोळ्यातला नजर जुळवणारा स्नायू इतका ताकदवान असतो, की प्लस नंबर तो आत लपवून ठेवतो. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी मोठ्यांना कदाचित पुरेल. मुलांच्या पहिल्या चष्म्याला ती पुरत नाही.

या टप्प्यावरच्या चुका मी वर्षानुवर्षं त्याच ऐकतेय. ‘मोठा झाला की आपोआप जाईल.’ ‘तिरळा डोळा शुभ असतो, हात लावू नका.’ आणि तिसरी, जी कधीकधी शिकलेल्या लोकांकडून येते: ‘आठ वर्षं झाली, आता उपयोग नाही.’ अमेरिकेत बालनेत्ररोगांवर अनेक केंद्रं मिळून संशोधन करणारा पीडिग नावाचा गट आहे. त्यांनी ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ७ ते १२ वयोगटात चष्म्यासोबत पट्टी आणि चांगल्या डोळ्याला जवळचं अंधुक करणारे थेंब दिलेल्यांपैकी ५३ टक्के मुलांना ठरवलेल्या निकषाइतका फायदा झाला. नुसता चष्मा दिलेल्यांत २५ टक्के. १३ ते १७ वयोगटात एकूण फरक दिसला नाही, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते त्यांना मात्र फायदा झाला. म्हणजे लवकर करणं बरंच, पण उशीर झाला म्हणून दार बंद झालं असं समजू नका.

सावधान: फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, किंवा सरळ असलेला डोळा अचानक तिरळा झाला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. पांढऱ्या झाकेमागे मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या आतला कर्करोगही असू शकतो.

२. थेंबांच्या दिवसाची तयारी

हा टप्पा लोक वगळतात आणि मग पुढचे सहा महिने त्याची किंमत मोजतात. मुलाला दवाखान्यात पहिल्यांदा धरून, हातपाय दाबून थेंब घातले, तर ते मूल नंतर पट्टीलाही हात लावू देत नाही. त्याच्या लेखी डोळ्याजवळ येणारा प्रत्येक हात तोच.

वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या व्याख्येत वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, असा दोन्हींचा अप्रिय अनुभव आहे. २०२० मध्ये व्याख्या सुधारली तेव्हाही हे दोन्ही शब्द राहिले. व्यवहारात याचा अर्थ असा: थेंबांची चुरचुर काही सेकंदांची असते, ती फारशी कमी करता येत नाही. पण तिच्या आधीची धास्ती, मधली असहायता आणि नंतरची आठवण या तिन्हींवर तुमचा हात आहे. त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं बहुतेक वेळा धास्तीचंच असतं.

आदल्या दिवशी, झोपायच्या वेळी नाही, संध्याकाळी खेळताना सांगा. आठवडाभर आधी सांगू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला तेवढा काळ नुसती धास्ती घेऊन जगावं लागतं. सांगायचं ते खरं आणि छोटं: ‘उद्या डॉक्टर डोळ्यात पाण्यासारखं औषध घालतील. शाम्पू गेल्यावर चुरचुरतं ना, तसं चुरचुरेल. आपण दहा अंक मोजेपर्यंत कमी होईल. मग थोडा वेळ जवळचं अंधुक दिसेल.’ एकदा बाहुलीच्या नाहीतर टेडीच्या डोळ्यात पाण्याचा थेंब घालू द्या. आईच्या डोळ्याजवळ मुलाने बोट आणायचं, मग मुलाच्या डोळ्याजवळ आईने, असा खेळ दोन मिनिटं पुरे.

निवड द्या, पण खरी द्या. ‘थेंब घालायचे का?’ ही निवड नाही, कारण ‘नको’ म्हटल्यावर तुम्ही ऐकणार नाही आणि ते त्याला कळेल. ‘आधी डावा की उजवा?’, ‘मांडीवर बसून की आडवं होऊन?’, ‘अंक मोजायचे की गाणं म्हणायचं?’ या निवडी पाळता येतात.

आता न बोलायच्या वाक्यांबद्दल. ‘काही होत नाही’ हे आपल्या तोंडी बसलेलं वाक्य. थेंब पडला, चुरचुरलं, म्हणजे आई खोटं बोलली. पुढच्या वेळी तिचा शब्द चालत नाही. मुलांच्या वेदनेच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे: मोठ्यांनी घाबऱ्या आवाजात ‘घाबरू नको, घाबरू नको’ असा धीर दिला की मुलाची भीती वाढते. त्याला त्यातला ‘घाबरू’ तेवढा ऐकू येतो. त्याऐवजी लक्ष दुसरीकडे वळवणं, लांब फुंकर मारायला लावणं, मोजायला लावणं यांचा उपयोग होतो. सुईच्या वेदनेवरच्या अभ्यासांत लक्ष वळवण्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. ‘डॉक्टरकाकू सुई टोचतील हं’ अशी धमकी इतर वेळीही देऊ नका. ‘शूर मुलं रडत नाहीत’ हेही नको. रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यात थेंब घालता येतो, लढणाऱ्या मुलाच्या डोळ्यात घालणं कठीण.

तपासणीच्या वेळी मूल तुमच्या मांडीवर असू द्या, पाठ तुमच्या छातीला टेकलेली. चार जणांनी टेबलावर दाबून धरण्यापेक्षा हे बरं. चुरचुर कमी व्हावी म्हणून आधी बधिर करणारा थेंब घालता येईल का, असं विचारा. काही ठिकाणी तो घालतात.

मुलाला किती दुखलं हे विचारायचं तर चारच्या पुढच्या वयाला चेहऱ्यांची पट्टी दाखवतात: शांत चेहऱ्यापासून खूप दुखणाऱ्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रं. ‘तुझं दुखणं कोणत्या चेहऱ्याएवढं?’ एवढंच विचारायचं. तुमच्या डोळ्यांना दिसणारं आणि मुलाने दाखवलेलं यात फरक पडला तर मुलाचं धरा.

आणि नंतरची आठवण. घरी येताना बहुतेक जण विषय टाळतात किंवा फोनवर मावशीला रंगवून सांगतात, ‘काय रडला गं, सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.’ मूल शेजारी बसून ऐकत असतं. रक्ताच्या कर्करोगामुळे पाठीच्या कण्यातून पुन्हापुन्हा सुई घ्यावी लागणाऱ्या मुलांवर १९९९ मध्ये एक अभ्यास झाला होता. आधीच्या वेळी आपण काय चांगलं निभावलं हे त्या मुलांना नेमकं आठवायला लावलं, तर पुढच्या वेळची धास्ती कमी झाली. तेच इथे करा. रिक्षात बसल्यावर म्हणा, ‘दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तू स्वतःहून डोकं मागे टेकवलंस, मी पाहिलं.’ खरं घडलेलंच सांगा. ओढूनताणून केलेलं कौतुक मुलांना लगेच कळतं.

थोडं विषयांतर. ‘एवढ्याशा बाळाला काय कळतंय’ हे वाक्य मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याच्या तपासणीत ऐकू येतं. त्यांना दुखतं. बाळाला दुपट्यात गुंडाळणं आणि तपासणीआधी साखरेचं पाणी जिभेवर देणं यांवर बरेच अभ्यास झाले आहेत. त्रास पूर्ण जात नाही, पण ‘यातलं काय करणार आहात?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घरी स्वतःच्या मनाने साखरपाणी मात्र देऊ नका.

३. घरी थेंब किंवा मलम घालणं

लहान मुलांचा नंबर काढण्यासाठी आपल्याकडे बऱ्याचदा तीन दिवस घरी अ‍ॅट्रोपीनचं मलम घालायला देतात; हे औषध बाहुली मोठी करतं आणि नजर जुळवणारा स्नायू सैल करतं. कधी पट्टीऐवजी उपचार म्हणूनही अ‍ॅट्रोपीनचे थेंब देतात, आणि तेव्हा तेही चांगल्याच डोळ्यात घालायचे असतात, तो जवळचं अंधुक पाहावा म्हणून. नंबर काढायचा असेल तर दोन्ही डोळ्यांत, उपचार असेल तर एकाच. ही गल्लत होते, म्हणून कागद पुन्हा पाहा.

हात धुवा. मुलाला आडवं झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब सोडा आणि मग म्हणा, ‘आता उघड-मिट कर.’ थेंब आपोआप आत जातो. थेंब डोळ्याकडे येताना दिसलाच नाही की निम्मी लढाई टळते. एकच थेंब पुरतो. डोळ्यात तेवढीच जागा असते, दुसरा गालावरून ओघळतो. मलम असेल तर तांदळाच्या दाण्याएवढं, खालची पापणी किंचित ओढून आतल्या बाजूला. त्यानंतर नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध नाकाघशात कमी उतरेल. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

सावधान: अ‍ॅट्रोपीन हे तुमच्या औषधाच्या डब्यातलं बहुधा सगळ्यात जपून ठेवायचं औषध. पोटात गेलं तर विषारी आहे. घातल्यावर चेहरा लालबुंद होणं, ताप, तोंडाला कोरड, छाती धडधडणं, मूल असंबद्ध बोलू लागणं, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांकडे जा. बधिर करणारे थेंब घरी कधीच वापरू नका. त्यांनी बुबुळाला इजा होते.

तपासून घ्या: औषध घातल्यावर तुमचे आणि मुलाचे, दोघांचे हात धुतले का? एका आईची स्वतःची एक बाहुली मोठी झाली होती. मलम लावून तोच हात तिने डोळ्याला लावला आणि दोन दिवस मेंदूचं काही झालं म्हणून घाबरून होती.

अ‍ॅट्रोपीनचा असर आठवडा-दोन आठवडे राहतो. तोवर उन्हात टोपी द्या, आणि जवळचं वाचता येत नाही म्हणून रागावू नका. शाळेतही सांगून ठेवा.

४. आधी चष्मा

चष्मा लागला असेल तर पट्टीआधी तो अंगवळणी पडायला हवा. चष्मा हाच मुळी उपचार आहे. नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या ८४ मुलांना पीडिग गटाने नुसता चष्मा दिला. २००६ मध्ये आलेल्या निकालात ७७ टक्के मुलांची नजर तक्त्यावरच्या किमान दोन ओळींनी सुधारली, आणि २७ टक्के मुलांचा आळस तेवढ्यावरच गेला. त्यांना पट्टीची गरजच उरली नाही.

मग पट्टीसाठी किती थांबायचं? बरीच वर्षं साधारण १८ आठवडे चष्म्याला द्यायचे असा एक प्रघात होता. २०२४ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याला धक्का दिला: चष्म्यानंतर तीनच आठवड्यांनी जोरात पट्टी सुरू केलेल्या मुलांत १८ आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त जण यशस्वी ठरले. तेव्हा एका डॉक्टरांनी लगेच पट्टी सांगितली आणि दुसऱ्यांनी थांबायला सांगितलं, तर कुणी फसवतंय असं समजू नका. मुलाचं वय, नजर आणि तुम्ही पुन्हा यायची शक्यता पाहून ते ठरतं. चष्मा न घालताच पट्टी लावायची, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य नाही, आणि घरोघरी नेमकं तेच होतं.

फ्रेम नाकावरून घसरत असेल तर मूल वरून पाहतं आणि नंबर वाया जातो. मागे पट्टा लावून घ्या, काचा न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या घ्या. चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, ‘फक्त अभ्यासाला’ नाही. सतत घातल्याने नंबर वाढतो ही समजूत सोडून द्या.

तपासून घ्या: सलग दोन आठवडे मूल जागेपणी जवळजवळ सगळा वेळ चष्मा ठेवतंय? नसेल तर पट्टीची घाई करण्याआधी फ्रेमचं माप पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

५. पट्टी लावणं

कातडीला चिकटणारी तयार पट्टी मिळते. नसेल तर निर्जंतुक कापसाचा पॅड आणि कागदी टेप चालतो, पण डॉक्टरांना दाखवून. पट्टी कातडीवर, चष्मा तिच्यावरून. चष्म्याच्या काचेला कापड लावणं सोपं दिसतं, पण लहान मूल बाजूने, वरून, नाकाजवळून चांगल्या डोळ्याने पाहतंच; तुम्हाला वाटतं उपचार चाललाय. चेहरा कोरडा हवा, तेल-क्रीम लावलेलं असेल तर पट्टी सुटते. काजळ या काळात नकोच.

तासांचं गणित समजून घ्या, कारण ‘जास्त तास म्हणजे जास्त फायदा’ या हिशेबाने लोक स्वतःहून वाढवतात आणि मूल वैतागून सगळंच सोडतं. २००३ मधल्या दोन अभ्यासांत मध्यम आळसाला रोज २ तास आणि ६ तास यांचा चार महिन्यांनंतरचा परिणाम सारखाच निघाला, आणि तीव्र आळसाला ६ तास आणि दिवसभर यांचा सारखाच. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये पट्टीखाली तास मोजणारं छोटं यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की तक्त्यावरच्या एका ओळीएवढी सुधारणा व्हायला साधारण १२० तास पट्टी लागते. रोज २ तास धरले तर दोन महिने. पंधरा दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्यांनी जेमतेम तीस तास भरलेले असतात.

पहिला आठवडा असा लावा:

पहिले दोन दिवस फक्त १५-२० मिनिटं, तेही मुलाच्या आवडीच्या गोष्टीसोबत. मग रोज अर्धा तास वाढवत ठरलेल्या तासांवर या. डॉक्टरांनी सुरुवातीपासून पूर्ण तास सांगितले असतील तर त्यांना विचारून.

वेळ रोज एकच ठेवा. शाळेतून आल्यावर, खाऊ झाल्यावर. ‘आज कधी लावायची’ ही चर्चा रोज केली तर रोज हराल.

सुरुवातीला मूल अक्षरशः अंधुक जगात असतं. धडपडेल. जिना, सायकल, रस्ता, विहिरीचा काठ या वेळी नको.

पट्टीच्या वेळी अक्षरं गिरवायलाच बसवलं पाहिजे, असा एक समज आहे. ४२५ मुलांवर तेही तपासलं गेलं, २००८ मध्ये: जवळचं बारीक काम करणारी आणि दूरचं पाहणारी मुलं, फरक पडला नाही. तेव्हा शेंगा सोलू द्या, मातीत खेळू द्या, कॅरम खेळू द्या. पट्टी म्हणजे अभ्यास असं समीकरण जुळलं की मूल दोन्हींचा राग करतं.

काढताना एका झटक्यात ओढू नका. कडा कोमट पाण्याने किंवा खोबरेल तेलाने भिजवून, कातडी एका हाताने दाबून, हळूहळू सोडवा. शक्य असेल तर मुलालाच काढू द्या. रोज संध्याकाळी पट्टी ओढल्याचं दुखणं हे ‘पट्टी नको’ म्हणण्यामागचं खरं कारण असू शकतं, आणि ते मूल सांगत नाही कारण कुणी विचारत नाही. कातडी लाल झाली तर दुसऱ्या दिवशी पट्टीची दिशा फिरवा. पुरळ किंवा पाणी सुटलं तर थांबून दाखवा.

तपासून घ्या: पट्टी लावल्यावर नाकाजवळ फट आहे का? मूल मान वाकडी करून पाहतंय का? पाहत असेल तर फटीतून पाहतंय.

६. रडणं, चिडणं आणि बाहेरची माणसं

पहिल्या आठवड्यात मूल ओरडणार. त्याला खरंच दिसत नाही, आणि दिसणारा डोळा तुम्हीच बंद केलाय. ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्याआधी स्वतःच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यासमोर मेणकागद धरून दहा मिनिटं घरात फिरा. बाबांनी फिरलं तर जास्त चांगलं. पट्टीची सक्ती आईने करायची आणि बाबांनी संध्याकाळी येऊन ‘जाऊ दे आज’ म्हणायचं, असं बऱ्याच घरांत चालतं.

आधी भावनेला नाव द्या, मग नियम सांगा, आणि नियम बदलू नका. ‘राग आलाय तुला. अंधुक दिसतंय म्हणून. घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की काढू.’ काटा सहावर आला की खरंच काढा, आणखी दहा मिनिटं ढकलू नका. रडण्यामुळे पट्टी लवकर निघते हे एकदा कळलं, की उद्या रडणं दुप्पट होतं. म्हणून वेळ पूर्ण होणार नाही असं वाटलं तर सुरुवातीलाच कमी वेळ ठरवा.

बक्षीस रोजचं आणि छोटं: कॅलेंडरवर टिकली, दहा टिकल्या झाल्या की भेळ. ‘सहा महिने लावलीस तर सायकल’ हे चार वर्षांच्या मुलाला समजत नाही. मोबाइल हे एकमेव आमिष केलंत, तर मोबाइल नसेल त्या दिवशी पट्टी नाही.

आजीशी आधी बोला. ‘कशाला त्या लेकराला छळतेस गं’ हे वाक्य मुलासमोर आलं की उपचार तिथेच बसला. तिला दवाखान्यात घेऊन जा आणि चांगला डोळा झाकल्यावर नातवाला तक्त्यावरची कोणती ओळ दिसत नाही, ते स्वतः पाहू द्या. माझ्या अनुभवात त्यानंतर आजीच घड्याळ लावून बसते.

शाळेत ‘काणा’, ‘चकणा’ म्हणून हाका मारतात. हे दुखणंही मोजायला हवं. जमेल तेवढे तास घरीच बसवा. शाळेत लावावीच लागली तर बाईंना आधी भेटून, त्यांनी वर्गाला दोन वाक्यांत सांगावं असं ठरवा. मुलाला स्वतःचं एक उत्तर पाठ करून द्या: ‘माझा एक डोळा व्यायाम करतोय.’ तरीही मूल रोज रडून येत असेल, तर डॉक्टरांना थेंबांचा पर्याय विचारा. मध्यम आळसात अ‍ॅट्रोपीन आणि पट्टी यांचा सहा महिन्यांनंतरचा परिणाम जवळजवळ सारखा निघाला होता. ४१९ मुलांवरचा तो अभ्यास २००२ मध्ये आला. पुढे २००४ मध्ये दिसलं, की फक्त शनिवार-रविवार थेंब घातले तरी रोजच्याइतकंच काम होतं. पट्टी हाच एक मार्ग समजून घर युद्धभूमी करायचं कारण नाही.

७. नोंद ठेवा, आणि खरी ठेवा

साध्या वहीत तीन रकाने: तारीख, प्रत्यक्ष किती मिनिटं, आज काय अडचण आली. आधी सांगितलेल्या यंत्राच्या अभ्यासात सांगितलेल्या तासांच्या निम्म्याच्या आसपासच पट्टी प्रत्यक्ष लागत होती. आईवडील खोटारडे होते असं नाही. आपण लावल्याची वेळ लक्षात ठेवतो, मुलाने मध्येच उचकटल्याची नाही.

डॉक्टरांसमोर ‘रोज सहा तास लावतो’ म्हणालात आणि नजर सुधारलेली नसेल, तर ते तास वाढवतील, नाहीतर नवीन तपासण्या सांगतील. ‘चार दिवस लावली, तीन दिवस नाही’ म्हणालात तर दोन मिनिटांत मार्ग निघतो. आम्ही रागावतो अशी तुमची भीती असेल तर ती काही प्रमाणात आमचीच कमाई आहे.

तपासणीची तारीख चुकवू नका, विशेषतः तास जास्त असतील किंवा मूल लहान असेल तेव्हा. फार झाकलेला चांगला डोळाच आळशी व्हायला लागू शकतो. वेळेत कळलं तर तो परत येतो, पण कळणार तपासणीतच.

८. थांबवायचं कसं

नजर सुधारली, डॉक्टर ‘छान’ म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पट्टीचा डबा कपाटावर गेला. ही शेवटची चूक. उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांची नजर पुन्हा घसरल्याचं दिसलं. रोज ६ ते ८ तासांवरून एकदम बंद केलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. आधी २ तासांवर आणून मग थांबलेल्यांत १४. म्हणून तास उतरवत न्या, किती आठवड्यांत ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. चष्मा तर चालूच राहतो. पट्टी बंद झाल्यावरही वर्षभर ठरलेल्या तारखांना नजर तपासून घ्या.

९. अभ्यासात सहभागी व्हाल का, असं विचारलं तर

मोठ्या नेत्ररुग्णालयांत हा प्रश्न येऊ शकतो. वर दिलेले सगळे आकडे कुणाच्या तरी मुलांनी अशाच अभ्यासांत भाग घेतल्यामुळे मिळाले आहेत, पण म्हणून लगेच सही करायची नसते. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. विचारायचं ते असं: मुलाला कोणत्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार आहे का? जादा थेंब, जादा फेऱ्या, रक्त तपासणी आहे का? मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील का? इजा झाली तर खर्च कुणाचा? नव्या उपचारांच्या चाचण्या भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंदवाव्या लागतात. तो नोंदणी क्रमांक मागा, तो ऑनलाइन कुणालाही पाहता येतो.

सही आईवडिलांची असली तरी मुलालाही विचारावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी सहमती घ्यायची असते. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीने सगळं ऐकून ‘नको’ म्हटलं आणि समोरचा माणूस तुमच्याकडे पाहून हसत पेन पुढे करत असेल, तर पेन घेऊ नका.